इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागल्यास काय करावे?

हापूस आंब्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील बागांतून निघालेल्या पेट्या व क्रेट आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजाराकडे जाऊ लागतात. त्यांतील बराच माल आता बागाईतदाराच्या स्वतःच्या किंवा गावातील भाड्याच्या लहान टेंपोतून जातो. फळ उतरविताना, त्याची प्रतवारी करताना व पेटी भरताना बागाईतदार डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. परंतु ती पेटी ज्या वाहनातून जावयाची, त्या वाहनाच्या इंजिनाकडे तेवढे लक्ष दिले जातेच असे नाही. चालकासमोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, इंजिन मधूनमधून झटके देऊ लागते, आणि तरीही "बाजार गाठू, मग पाहू" या विचाराने गाडी तशीच घाटात घातली जाते. पाचपन्नास किलोमीटरच्या अशा प्रवासाने शेपाचशे रुपयांच्या दुरुस्तीचे काम कित्येक हजारांवर जाऊ शकते आणि प्रसंगी वाहनास आग लागण्याचाही धोका असतो. म्हणून हा दिवा काय सांगतो व तो लागल्यावर काय करावयाचे, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

येथे दिलेली माहिती पेट्रोलवर व सी.एन.जी.वर चालणाऱ्या चारचाकी वाहनांस लागू आहे. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. तेथे असा दिवा लागल्यास त्याची कारणे व उपाय निराळे असतात.

दिवा कशासाठी असतो

पूर्वीच्या जीपगाडीचे इंजिन बिघडले की नाही, हे चालकाच्या कानावर व मिस्त्रीच्या अनुभवावर ठरत असे. आजच्या इंजिनात एक छोटा संगणक असतो. हवा किती आली, पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा द्यावी, हे सर्व तो ठरवितो आणि ते काम बरोबर होते की नाही हेही तपासत राहतो. अमेरिकेत अशी पूर्ण तपासणी-व्यवस्था मोटारींना १९९६ पासून सक्तीची झाली. भारतात चारचाकी वाहनांसाठी ती २०१३ पासून आवश्यक ठरली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाल्यावर तिची कसोटी अधिक कडक झाली.

या संगणकास दोष आढळला म्हणजे तो दोन गोष्टी करतो. एक, पिवळा दिवा लावतो. दुसरी, दोषाचा सांकेतिक क्रमांक आपल्या स्मरणात नोंदवून ठेवतो. दिवा म्हणजे दोष नव्हे. दोषाची नोंद झाली आहे, एवढेच तो सांगतो.

किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागला पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो मुळीच लागत नसेल, तर दिवा बिघडला आहे किंवा कोणी मुद्दाम काढून टाकला आहे असे समजावे. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा अवश्य करून घ्यावी.

तेलाच्या बुधलीच्या आकृतीचा तांबडा दिवा आणि पाण्याच्या उष्णतेचा तांबडा दिवा हे याहून वेगळे आहेत. तांबडा दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यात तडजोड नाही.

ठिणगी चुकते म्हणजे काय होते

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी त्यास पेटविते. त्या ज्वलनाच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो व चाकांस गती मिळते. एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिश्रणाचे प्रमाण, दाब व ठिणगी या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ज्वलन होते. त्यांतील एकही उणी पडली, तर त्या सिलिंडरची पाळी वाया जाते. इंजिन थरथरते, ओढ कमी होते, चढावर झटके बसतात. यालाच मिस्त्री लोक "गाडी मिसिंग करते" असे म्हणतात.

एक साधा हिशेब केला म्हणजे या दोषाचे गांभीर्य ध्यानात येईल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. त्यांतील एक सिलिंडर पूर्ण बंद पडला, तर सेकंदाला २५ वेळा न जळलेले पेट्रोल व न वापरलेली हवा धुराच्या नळीत ढकलली जाते. काही वाहनांतील संगणक अशा सिलिंडरचे पेट्रोल आपणहून बंद करतो. परंतु सर्वच वाहनांत व सर्वच वेळी तसे होईल, यावर विसंबून राहता येत नाही.

हे पेट्रोल पुढे जाते कोठे? धुराच्या नळीत एक पेटी बसविलेली असते. तिला गॅरेजात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीची वीट तिच्यात असते व त्या छिद्रांना प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर कमी अपायकारक वायूंत करणे हे तिचे काम. ती नेहमीच तापलेली असते. तिच्यात कच्चे पेट्रोल व हवा एकदम आली म्हणजे जे ज्वलन सिलिंडरमध्ये व्हावयाचे, ते या पेटीत होऊ लागते. उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की वीट वितळू लागते व छिद्रे बुजतात. छिद्रे बुजली की धुरास वाट राहत नाही आणि इंजिनाचा जीव कोंडतो. मग मूळ दोष दूर करूनही गाडी चढ चढत नाही. प्लगची किंमत काही शे रुपये असते. या पेटीची किंमत त्याच्या कित्येक पट असते.

स्थिर दिवा व लुकलुकणारा दिवा

संगणक हे चुकणे ओळखतो ते क्रँकशाफ्टच्या गतीवरून. प्रत्येक ज्वलनासरशी शाफ्टला एक हिसका मिळतो. एखादा हिसका चुकला की त्या क्षणी गती किंचित मंदावते. ती मंदावल्याची वेळ पाहून कोणता सिलिंडर चुकला हेही त्यास कळते. चुकण्याचे प्रमाण किती, यावर दिव्याची वागणूक ठरते. बहुतेक वाहनांत ती पुढीलप्रमाणे असते. तरी आपल्या वाहनाची माहिती-पुस्तिका एकदा पाहून ठेवावी.

दिवा स्थिर लागला असेल, तर दोष आहे, पण तत्काळ विनाशाचा धोका नाही. गाडी सावकाश, हलक्या हाताने चालवीत जवळच्या गॅरेजापर्यंत नेता येते. मात्र हे काम आठवडाभर पुढे ढकलू नये.

दिवा लुकलुकत असेल, तर धूरशुद्धीची पेटी जळण्याइतके कच्चे पेट्रोल नळीत जात आहे. हा दिवा "थांबा" असे सांगतो. संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ती ही.

घाटात दिवा लुकलुकू लागल्यास

भरलेली गाडी चढावर असते तेव्हा इंजिनावर सर्वांत अधिक ताण येतो, आणि दुबळी झालेली ठिणगी नेमकी अशाच वेळी चुकते. सपाटीवर सुरळीत चालणारी गाडी म्हणून साखरप्याच्या पुढे घाट लागताच झटके देऊ लागते. अशा वेळी पुढील क्रमाने वागावे.

प्रथम ॲक्सिलरेटरवरील पाय उचलावा. जोर देऊन चढ काढण्याचा मोह टाळावा. जितका जोर, तितके कच्चे पेट्रोल अधिक. मग मागील वाहनांस इशारा देऊन, वळण सोडून रुंद जागी गाडी कडेला घ्यावी.

गाडी कोठे उभी करावी, हे येथे फार महत्त्वाचे आहे. चैत्र-वैशाखात घाटातील गवत वाळून कोळ झालेले असते. गाडीखालची तापलेली पेटी अशा गवतास टेकली, तर ते पेट घेऊ शकते. म्हणून गाडी खडी, मुरूम किंवा डांबर असलेल्या जागीच उभी करावी. याच कारणास्तव झटके देत घरी आलेली गाडी खळ्यावर किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ लावू नये.

उभी केल्यावर हातब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत, मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा आणि इंजिन बंद करावे. नुसते चालू ठेवलेले इंजिनही कच्चे पेट्रोल सोडतच असते. पेट्रोलचा किंवा जळका वास येत असेल, तर माणसांनी गाडीपासून दूर व्हावे.

इंजिन काही वेळ निवल्यावर एकदा सुरू करून पाहावे. दिवा स्थिर असेल व थरथर कमी असेल, तर मोकळी किंवा ओझे कमी केलेली गाडी सावकाश जवळच्या गॅरेजात नेता येते. दिवा पुन्हा लुकलुकू लागला, तर दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याची व्यवस्था करावी. इंजिन बंद करून गाडी उतारावरून घरंगळत नेण्याचा प्रकार कोणीही करू नये. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत संपते, पाय कितीही दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. ओढून नेत असतानाही हीच गोष्ट ध्यानी घेऊन घाटात फक्त जाणत्या माणसाकडून गाडी ओढवून घ्यावी.

मालाचे काय?

चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावयास लावते ती मालाची चिंता. म्हणून कोणता माल किती काळ थांबू शकतो, याचा विचार निघतानाच करून ठेवावा.

लांबच्या बाजारासाठी चौदा आणे तयार झालेला आंबा काढतात. तो हिरवा व टणक असतो आणि पिकण्यास त्यास आठवड्याच्या आसपास अवधी लागतो. असा आंबा चारसहा तास सावलीत थांबला, तर बाजाराची एक वेळ चुकेल, पण फळ वाया जाणार नाही. मात्र उन्हात ताडपत्रीखाली कोंडलेली उष्णता त्यास मानवत नाही. ताडपत्रीच्या कडा मोकळ्या करून वारा खेळू द्यावा व शक्य तर गाडी झाडाच्या सावलीत घ्यावी.

पालेभाजी, फुले व दूध यांना एवढा अवधी नसतो. असा माल असल्यास दुरुस्तीची वाट न पाहता दुसरे वाहन मागवून माल हलवावा. भाड्याचा तो खर्च जादा वाटला, तरी तो जळालेल्या पेटीच्या खर्चाहून कमीच असतो. ज्या गावातून रोज अनेक गाड्या एकाच बाजारास जातात, तेथील शेतकऱ्यांनी अडलेल्या गाडीचा माल पुढच्या गाडीने उचलावा, असा आपसांत संकेत ठरविल्यास सर्वांचीच सोय होईल.

दोष शोधण्याचा योग्य क्रम

गॅरेजात गेल्यावर "प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळेच बदलून टाकू" असा सल्ला पुष्कळदा मिळतो. त्यास एकदम मान्यता देऊ नये. प्रथम संगणकातील नोंद वाचावयास सांगावी. चालकाच्या पायांच्या वर, फळीखाली, १६ छिद्रांची एक खाच असते. तिला वाचनयंत्र जोडले की दोषाचा क्रमांक दिसतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे पुढे. पी०३०० म्हणजे चुकणे एका सिलिंडरपुरते नसून इकडे तिकडे विखुरलेले आहे. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. ही नोंद वाचण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून दिवा घालविण्याचा उपाय करू नये. त्याने दोष जात नाही, फक्त पुरावा नाहीसा होतो.

समजा, क्रमांक पी०३०३ आला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर तिसऱ्या सिलिंडरवरील कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्यावरील तिसऱ्यावर लावावी, जुनी नोंद पुसावी व गाडी थोडी चालवावी. आता पी०३०२ असा क्रमांक आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला; म्हणजे कॉइलच खराब आहे. पुन्हा पी०३०३ च आला, तर कॉइल निर्दोष आहे. मग याच रीतीने प्लगांची अदलाबदल करावी. त्यानेही दोष न सरकल्यास वायर व तिचे जोड, मग पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, आणि शेवटी सिलिंडरचा दाब तपासावा. या अदलाबदलीस नवा भाग लागत नाही. एक पैसाही न खर्चता दोष कोठे आहे हे कळते, हा या रीतीचा मोठा फायदा आहे.

काढलेला प्लग पाहूनही पुष्कळ कळते. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन चांगले आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. एअर फिल्टर धुळीने भरला असल्यासही असे होऊ शकते. टोक पेट्रोलने ओले असेल, तर ठिणगी पडत नाही. ते ऑइलने माखलेले असेल, तर इंजिनाच्या आतील झीज पाहावी लागते. प्लग काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे सहज खराब होतात.

क्रमांक पी०३०० असल्यास सर्व सिलिंडरांना समान असलेली कारणे आधी पाहावीत. पाणी मिसळलेले किंवा भेसळीचे पेट्रोल, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, दुबळा पंप, हवेच्या नळीस पडलेली चीर, ही त्यांतील मुख्य होत.

सी.एन.जी.च्या गाडीत आणखी एक सोपी कसोटी आहे. गाडी गॅसवरून पेट्रोलवर घेऊन पाहावी. गॅस पेटविण्यास अधिक जोरदार ठिणगी लागते. म्हणून केवळ गॅसवरच झटके येत असतील, तर जुने प्लग व दुबळी कॉइल यांचा प्रथम संशय घ्यावा. ते ठीक असल्यास गॅसच्या साहित्याची तपासणी अधिकृत केंद्राकडूनच करवून घ्यावी.

दोष उद्भवू नये म्हणून

शेतकऱ्याच्या गाडीत हा दोष निर्माण होण्याची काही नेहमीची कारणे आहेत आणि त्यांतील बहुतेक टाळता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण उंदीर. गाडी गोदामाजवळ किंवा गोठ्याजवळ उभी असते, आत फळांचे अवशेष व पेंढा पडलेला असतो. उंदीर बॉनेटखाली ऊब पाहून राहतात व वायरी कुरतडतात. हौद्यातील केरकचरा रोज झाडावा, गाडी धान्याच्या व पेंढ्याच्या साठ्यापासून दूर लावावी आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात.

दुसरे कारण पाणी. चिखल धुण्यासाठी विहिरीवरील पंपाची जोरदार धार थेट इंजिनावर सोडली जाते. ते पाणी प्लगच्या खोबणीत साचते व ठिणगी वाट सोडून भलतीकडे उडते. इंजिन ओल्या फडक्याने पुसावे, धारेने धुऊ नये.

तिसरे कारण पेट्रोल. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. उसापासूनही तयार होणारे हे इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी अधिक गेल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते व पंप नेमका तेथूनच ओढतो. म्हणून हंगाम संपल्यावर गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये, आणि टाकीचे झाकण नीट बसते की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

चौथे कारण दुर्लक्ष. प्लग व एअर फिल्टर हे झिजणारे, भरणारे भाग आहेत. माहिती-पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, आणि धुळीच्या रस्त्यावर फिल्टर त्याहूनही लवकर, बदलावेत. हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी हे काम उरकून घेणे सर्वांत सोयीचे.

जुन्या सवयी सोडाव्यात

जुन्या जीपच्या काळी इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढून कोणता सिलिंडर मेला हे शोधीत असत. तेव्हा धूरशुद्धीची पेटी नव्हती, त्यामुळे ते खपत असे. आजच्या गाडीत वायर काढली की त्या सिलिंडरचे पेट्रोल थेट पेटीत जाते. शिवाय हजारो व्होल्टच्या दाबाचा झटका बसण्याची भीती आहेच. त्याचप्रमाणे इंजिन सुरू होत नसताना गाडी वारंवार धक्का मारून चालू करण्यानेही न जळलेले पेट्रोल पेटीत साचते. दोन्ही सवयी सोडणे इष्ट.

टपोरे फळ हाती यावे म्हणून बागाईतदार मोहोरावरील तुडतुड्याचे पहिले लक्षण दिसताच उपाय योजतो; रोग झाडभर पसरण्याची वाट पाहत नाही. इंजिनाच्या दिव्याकडेही त्याच नजरेने पाहावे. दिवा स्थिर असता सावकाश जावे, लुकलुकताच थांबावे, नोंद वाचून मगच भाग बदलावा. एवढी दक्षता घेतल्यास माल बाजारात थोडा उशिरा पोहोचेल कदाचित, परंतु त्या मालाच्या मोलातून इंजिनाचा खर्च भागविण्याची पाळी शेतकऱ्यावर येणार नाही.